धूळ उचलायची, घासायची नाही

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत सकाळी सहाला फडक्यांचा आवाज सुरू होतो. गाड्या पुसणारा मुलगा आधी फडक्याने धूळ झटकतो आणि मग त्याच कोरड्या फडक्याने गोल गोल हात फिरवतो. माझ्या काळ्या गाडीवर दोन वर्षं हा हात फिरला. एका रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली बॉनेटकडे नजर गेली आणि पोटात कालवलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे शेकडो बारीक ओरखडे उठले होते.

दोष त्या मुलाचा नाही, कोरड्या पुसण्याचा आहे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतलं क्वार्ट्झ मोहसच्या कठीणतेच्या मापावर 7 भरतं, म्हणजे चाकूच्या पोलादापेक्षाही कठीण. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, तो क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केसही बहुधा त्याहून जाड निघेल. अशा थरावर वाळू घासली की ओरखडा उठणारच.

भरपूर पाण्याने गाडी धुतली की कण वाहून जातात, हे खरं. पण मिनिटाला 10 ते 15 लीटर पाणी सोडणारा पाइप दहा मिनिटं चालला, तर 100 ते 150 लीटर गटारात जातं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावं लागलं, ते ज्या महाराष्ट्राने पाहिलंय, त्याला हा हिशेब सांगायला नको. मार्च 2024 मध्ये बंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी आली आणि दंड ठरला 5,000 रुपये.

बिनपाण्याच्या धुलाईचा उपयोग इथे होतो. बाटलीतल्या द्रवात मळ सोडवणारे घटक असतात आणि निसरडेपणा आणणारे पॉलिमर असतात. काहींत मेणही असतं. फवारा मारला की हे मिश्रण कणाभोवती पसरतं, त्याची पृष्ठभागावरची पकड सैल करतं आणि कण व रंग यांच्यामध्ये ओलसर, बुळबुळीत थर धरतं. कण तिथून उचलायचं काम फडक्याचं. मायक्रोफायबरचे पॉलिएस्टर आणि नायलॉनचे अतिसूक्ष्म, चिरलेले धागे कण आपल्या लवेत ओढून घेतात. जुन्या बनियनच्या फडक्यात तो पृष्ठभागावरच राहतो आणि पुढे घासत जातो.

रीत सोपी आहे. गाडी सावलीत हवी, बॉनेट हाताला गार लागायला हवं. उन्हात द्रव लगेच वाळतो आणि डाग राहतात. चांगलं लवदार फडकं चार पदरी दुमडा, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. टपापासून सुरुवात करून खाली या. चाकांजवळची पट्टी सगळ्यात मळकट, ती शेवटी. एकेका भागावर सढळ हाताने फवारा मारा, अर्धा मिनिट थांबा. मग फडकं जेमतेम टेकवून, दाब न देता, एकाच दिशेला सरळ ओढा. बाजू मळली की उलटा. शेवटी दुसऱ्या कोरड्या फडक्याने चकाकी आणा. पक्ष्याची विष्ठा दिसली तर वाट पाहू नका, ती रंग खाते. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवून ती मऊ करा आणि अलगद उचला.

याला मर्यादा आहे आणि ती पाळायलाच हवी. पावसात घाट उतरून आलेल्या, चिखलाने माखलेल्या गाडीला ही रीत लावू नका. तिला आधी पाणीच हवं. वापरलेली फडकीही धुवावी लागतातच: इतर कपड्यांपासून वेगळी, सॉफ्टनर न घालता.

मी त्या मुलाला बाटली आणि सहा फडकी दिली, हाताचा दाब कसा ठेवायचा ते दाखवलं. त्याने विचारलं, “काका, रोज नको का पुसायला?”

“रोज नको. आठवड्यातून दोनदा, पण असं. पैसे तेवढेच.”

कारण नुसती बसलेली धूळ ओरखडा काढत नाही, कोरडा हात काढतो. उरलेल्या पाच सकाळी माझी गाडी धुळकट दिसते, आणि ते मला चालतं.