पालावरच्या भाषा आणि गणेश देवी

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील वेळापूर येथे अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरात यादवकालीन मराठी शिलालेख असल्यामुळे या गावात सुमारे सातशे वर्षांपूर्वी मराठी दगडावर कोरली जात होती, हे निश्चितपणे सांगता येते. मात्र याच जिल्ह्यात पिढ्यानपिढ्या वावरणाऱ्या कैकाडी, पारधी, वडार आणि लमाण समाजांच्या घरच्या भाषांच्या वाट्याला शिलालेख तर सोडाच, शाळेतला फळाही क्वचितच आला. या भाषा मराठीच्या बोली नव्हेत. टोपल्या विणणाऱ्या कैकाड्यांची भाषा द्राविडी कुळातली असून ती तमिळला जवळची आहे, वडारांची तेलुगूशी, पारध्यांची गुजरातीशी, तर लमाणांची राजस्थानी भाषांशी नाते सांगते.

बोलणारे थोडे म्हणून भाषा क्षीण होते, हे नेहमीचे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. 1871 मध्ये आधी उत्तर भारतात आणि 1911 पासून मुंबई इलाख्यातही लागू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने, म्हणजे काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार मानणाऱ्या कायद्याने, यांतील कैकाडी-पारध्यांसारख्या अनेक समूहांवर पोलिसांची हजेरी लादली आणि सोलापुरात त्यांच्यासाठी कुंपणाआडची वसाहत, म्हणजे ‘सेटलमेंट’, उभी राहिली. मुंबई इलाख्याचे पोलीस अधिकारी केनेडी यांनी 1908 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अशा प्रत्येक जमातीचे वेषांतर, गुन्ह्याची रीत आणि चोरीचा माल लपवण्याच्या जागा यांच्याच जोडीला तिच्या बोलण्याची लकबही नोंदली आहे. घरची भाषा जेथे ओळख पटवण्याची खूण ठरते, तेथे आईबापांनी ती मुलांपासून, निदान चारचौघांत, दूर ठेवली तर त्यात नवल नाही. 1952 मध्ये हा कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण कलंक एवढ्या लवकर गेला नाही, हे कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (1980) या आत्मकथनाने मराठी वाचकाला पुरेसे दाखवून दिले आहे.

भाषा आणि कलंक यांचा हा संबंध ओळखून काम करणारे शिक्षक म्हणून गणेश देवी यांचे नाव घ्यावे लागते. 1950 मध्ये पुणे जिल्ह्यातील भोर येथे जन्मलेले देवी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. 1996 मध्ये ती नोकरी सोडून त्यांनी ‘भाषा’ ही संस्था स्थापली, आणि पुढे गुजरातमधील तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी केली. 1998 मध्ये बंगाली लेखिका महाश्वेता देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांच्यासह त्यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. शब्दकोश आणि पोलिसी जाच हे त्यांच्या लेखी दोन वेगळे विषय नव्हते, आणि त्यांच्या कामाचे खरे वेगळेपण बहुधा येथेच आहे.

1971 च्या जनगणनेपासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा प्रसिद्ध यादीतून वगळल्या जाऊ लागल्या. 2010 मध्ये देवींनी सुरू केलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने ही अट बाजूला ठेवून 780 भाषांची नोंद केली. प्रत्येक भाषेचा थोडक्यात इतिहास, तिच्यातील गाणी व कथा, तसेच नाती, रंग, काळ आणि जागा दर्शवणारे शब्द त्यात एकत्र केले असून, महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला आहे. भाषा व बोली यांची सीमारेषा येथे काटेकोर तपासलेली नाही, हा भाषावैज्ञानिकांचा आक्षेप रास्त असला, तरी भाषकांनी स्वतःच्या भाषेला दिलेले नाव मान्य करणे हाच या उपक्रमाचा पाया होता.

अर्थात नोंद झाली म्हणजे भाषा तगली, असे होत नाही. अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवरील अलेउत लोकांच्या भाषेला एकोणिसाव्या शतकातच रशियन धर्मोपदेशक व्हेनियामिनोव्ह आणि अलेउत प्रमुख पान्कोव्ह यांनी लिपी दिली, तिच्यात पुस्तके छापली गेली. तरीही पुढे अमेरिकी शाळांनी मुलांना ती बोलण्यास मनाई केल्यावर आणि 1942 मध्ये युद्धामुळे बेटांवरून हलवलेल्या लोकांची वस्ती विस्कटल्यावर ती वेगाने आटली. तेजगढच्या ‘वसंतशाळे’त आदिवासी मुलांचे शिक्षण त्यांच्या मातृभाषेपासून सुरू करण्याचा प्रयत्न होतो, तो याच कारणाने महत्त्वाचा आहे; महाराष्ट्रातील विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळांत मात्र पहिलीचा पहिला धडा मराठीतच असतो.