लांबचा विमानप्रवास आणि पायांतील रक्ताची गुठळी

मुंबईहून मॉरिशसला विमानाने सुमारे ६ तास लागतात, लंडनहून सुमारे १२. चार तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पोटरीचे स्नायू निश्चल होतात, रक्तप्रवाह मंदावतो आणि खोल शिरेत गुठळी होण्याचा संभव वाढतो. चौमूंहून निघणाऱ्यांनी विमानतळापर्यंतचा बैठा प्रवासही यात धरावा. गर्भवती, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया आणि अलीकडे शस्त्रक्रिया झालेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. विमानात घोटे फिरवावेत, अधूनमधून चालावे. झोपेची गोळी टाळावी. परतल्यावर काही आठवड्यांतही एकच पोटरी सुजल्यास, पाय आखडला असे समजून तेल चोळत बसू नये. त्वरित तपासणी करून घ्यावी. अचानक धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.