दहा काड्यांचा गठ्ठा आणि टचस्क्रीन

कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने 1924 साली आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे वसतिगृहही त्यांच्याकडे आले आणि तिथल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक सुरू केले. छापखाना नाही, यंत्र नाही. दौत, टाक आणि कागद. समोरच्या मुलांना नावानिशी ओळखणारा माणूस त्यांच्यासाठीच लिहीत होता, हे त्या दैनिकाचे बळ. गेल्या दहा वर्षांत जळगाव-धुळ्याच्या शाळांत जे जे नवे आले, त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा: हे कुणी, कुणासाठी आणि कुणाच्या बोलीत केले?

दूरवरून साहित्य पाठवण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्राने पूर्वीच केला. 1984 साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. शालेय कार्यक्रम तयार होत आणि दूरदर्शनवरून राज्यभर जात. एका पिढीने ते आवडीने पाहिले. पण वर्गातल्या मुलाला शंका आली तर पडदा थांबत नव्हता. 2017 साली ही संस्था बंद झाली.

मधल्या काळात वारे बदलले होते. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि शिक्षकांच्या बोलण्यात ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द रुळला. सातारा जिल्ह्यातले कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षक जात. मूल स्वतः हाताळून, चुकून, पुन्हा करून शिकते, हा जाँ पियाजेचा विचार तिथे वर्गाच्या फरशीवर रंगवलेला दिसे.

त्याचे मर्म दुसरीच्या वर्गात, गणिताच्या तासाला कळते. बत्तीसातून अठरा वजा करायचे आहेत. मुलीपुढे रबर लावलेले दहा-दहा काड्यांचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून आठ जात नाहीत. ती थबकते, मग एका गठ्ठ्याचे रबर काढते. आता सुट्या काड्या बारा झाल्या. आठ बाजूला, चार उरल्या. राहिलेल्या दोन गठ्ठ्यांतला एक उचलला की उत्तर चौदा. ‘हातचा’ म्हणजे काय हे तिला कुणी सांगावे लागत नाही, तिने तो स्वतः सोडवलेला असतो.

धुळे जिल्ह्याने याच सुमारास वेगळी झेप घेतली. मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक गावोगाव प्रेरणा सभा घेऊ लागले. शाळा डिजिटल करायची तर सत्तर टक्के रक्कम गावाने उभी करायची, तीस टक्के ते देणार, असा त्यांचा हिशेब होता. काही वर्षांत जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळा डिजिटल झाल्या आणि धुळ्याचे नाव देशभर गेले. पैशाहून मोठी गोष्ट लोकवर्गणीने घडली: ज्याने शंभर रुपये दिले, तो शाळेत डोकावून पडदा चालू आहे का ते पाहू लागला.

अर्थात पडद्याला वीज लागते, दुरुस्ती लागते. राज्यातल्या कितीतरी शाळांत बिल थकल्याने मीटर बंद पडले. उपकरणासाठी गाव एकदा उत्साहाने पैसे देते. दरमहाचे बिल भरण्याची कायमची सोय मात्र शासनानेच करायला हवी.

करोनाने सगळ्यांचीच परीक्षा घेतली. 2020 मध्ये शाळा बंद, अभ्यास व्हॉट्सअॅपवर, ‘दीक्षा’ अॅपवर आणि सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’त. शहरात हे जमले. यावल, चोपडा, शिरपूरच्या सातपुड्यातल्या पाड्यांवर मोबाईलला रेंजच नसे. तिथे कामी आले ते हातात स्वाध्यायाचे कागद घेऊन पाड्यावर पोहोचणारे गुरुजी आणि बाई.

आज फोनची वाण तितकी नाही. 2024 च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयोगटातली 82 टक्क्यांहून अधिक मुले स्मार्टफोन चालवू शकतात. आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरणारी 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरणारी 76 टक्के. स्वीडनसारख्या देशानेही 2023 पासून लहान वर्गांत छापील पुस्तकांवर पुन्हा भर दिला आहे. तेव्हा यंत्र नाकारायचे नाही, पण काडीचा गठ्ठा सोडवण्याआधी मुलाला पडद्यापुढे बसवण्याची घाई नको.

खरा पेच भाषेचा आहे. पहिलीत आलेले मूल घरी अहिराणी बोलते: त्याच्यासाठी ‘माझा’ म्हणजे ‘मना’, ‘तुझा’ म्हणजे ‘तुना’, मुलगी म्हणजे ‘आंडेर’. सातपुड्यातल्या मुलांची पावरी, भिली तर पुस्तकी मराठीपासून आणखी दूर. 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सुरुवातीचे शिक्षण घरच्या भाषेत द्यावे म्हणते, पण या बोलींत तयार साहित्य फार थोडे. वाट मात्र दाखवलेली आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवताना रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, हे सर्वांना ठाऊक आहे; त्यांनी पाठ मुलांच्या मातृभाषेतही नेले, ही बाजू तितकीच मोलाची. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला आणि दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटले.

जळगाव जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडची कविता मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर यांनी टिपून ठेवली, म्हणून ती उरली. आज शिक्षकाच्या खिशातला फोन हेच काम करू शकतो. आजीची अहिराणी गोष्ट ध्वनिमुद्रित करावी, मुलांनी तिची चित्रे काढावीत, त्यांतूनच वर्गाचे पहिले वाचन सुरू व्हावे. त्यासाठी शिक्षकाला वेळ हवा. ऑनलाइन माहिती भरण्यात त्याचा दिवस जाऊ नये.

दिवाळी सरली की चाळीसगाव, साक्री भागातून ऊसतोड कुटुंबांच्या गाड्या निघतील. सोबत जाणाऱ्या मुलांना शाळा शिक्षण हमी कार्ड देते; ते दाखवून पोहोचतील त्या गावच्या शाळेत बसता येते. भांड्याकुंड्यांच्या बोचक्यात कार्ड असेल, क्यूआर कोड छापलेले पुस्तक असेल, आणि दुसरीतल्या पोरीने बरोबर घेतलेला, रबर लावलेला दहा काड्यांचा एखादा गठ्ठाही असेल.