डेमूचं इंजिन बंद कसं करतात?

तेलंगणातल्या मुधोळात रेल्वे नाही. गाडी धरायची तर बासर गाठावं लागतं; सरस्वतीच्या दर्शनाला नांदेड-धर्माबादकडून येणारी मंडळीही तिथंच उतरतात. याच मार्गावर डेमू, म्हणजे स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालणाऱ्या प्रवासी गाड्या, धावल्या. गाडी फलाटावर उभी असली तरी इंजिनाच्या डब्याचा पत्रा थरथरतच असतो. एवढं धूड बंद कसं करत असतील?

मोटारसायकलची किल्ली फिरवली की ठिणगी थांबते, इंजिन गप्प होतं. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. त्यामुळे हे इंजिन थांबवायचं तर त्याचं डिझेलच तोडावं लागतं.

१४०० अश्वशक्तीच्या डेमूत कमिन्सचं १६ सिलिंडरांचं इंजिन असतं. अशा इंजिनांत डिझेलच्या वाटेवर विजेवर चालणारी छोटी झडप बसवतात. खरी करामत तिची आहे. वीज मिळते तोवरच ती उघडी राहते. वीज गेली की आतली स्प्रिंग तिला मिटवून टाकते. वंगणाचा दाब घसरला, पाणी फार तापलं, फेरे मर्यादेबाहेर गेले किंवा लोको पायलटनं बटण दाबलं, तरी शेवटी घडतं एकच: झडपेची वीज तुटते. आणि वायर उंदरानं कुरतडली तरीही इंजिन बंदच पडतं! बिघाड होणारच हे गृहीत धरून केलेली ही रचना मला फार शहाणी वाटते.

थांबवण्यातही घाई चालत नाही. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरचं चाक मिनिटाला हजारो फेरे घेतं, तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. इंजिन पळत असताना एकदम बंद केलं तर तेलाचा पंप थांबतो आणि तापलेलं चाक मात्र कोरडंच फिरत राहतं. म्हणून आधी काही मिनिटं इंजिन मंद गतीवर ठेवतात. वंगणाचा दाबच गेला असेल तर मात्र वाट बघायची नसते.

एका प्रसंगी ही झडपही हतबल ठरते. टर्बोची सील फुटून वंगणच हवेच्या वाटेनं सिलिंडरात शिरलं, तर इंजिन स्वतःचंच तेल जाळत सुटतं आणि त्याचा वेग वाढतच जातो. डिझेल तोडून तेव्हा काही होत नाही. हवेची वाट बंद करावी लागते. त्यासाठी काही इंजिनांना वेगळी झाकण-झडप असते. ती मिटली की आत तेल असूनही जळायला प्राणवायू उरत नाही.