पेरूच्या खुसखुशीत वड्या

थंडी पडली की नांदुऱ्याच्या बाजारात पेरू येतात. सकाळी भाव चढा असतो. दिवस कलला की मऊ पडलेला माल स्वस्त होतो. विकणारा म्हणतो, "घ्या मावशी, सगळा ढीग घेऊन जा." पण एवढे पेरू एका दिवसात खाणार कोण? दोन दिवसांत ते नासतात. मग स्वस्त घेऊन काय मिळवलं?

अशा पेरूंच्या वड्या करता येतात. खाली आणि वर नानकटाईसारखा थर, मध्ये पेरूचा आंबटगोड गर. भट्टी लागत नाही. घरचा गंज पुरतो. मात्र यात वाटीभर तूप जाते, आणि तूप काही फुकट येत नाही. म्हणून वडी कशाने बिघडते, ते आधी समजून घ्या.

पाणी नको

पोळीची कणीक आपण पाण्याने मळतो. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्याला चिकटपणा येतो. म्हणून पोळी लाटताना फाटत नाही. वडीत हाच चिकटपणा नको. पिठाच्या कणाकणाला तूप लागले की तो येत नाही. वडी दाताखाली भुरभुर तुटते. करंजीच्या पिठात मोहन घालतात, ते याचसाठी.

ही युक्ती जुनी आहे. दिवाळीच्या आधी पुण्या-मुंबईच्या बायका रवा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत नेत आणि नानकटाई भाजून आणत. दूर स्कॉटलंड देशातही असाच पदार्थ करतात. त्याला 'शॉर्टब्रेड' म्हणतात. तिथले जुने माप सोपे आहे : वजनाने तीन भाग पीठ, दोन भाग लोणी, एक भाग साखर. आपण लोण्याऐवजी तूप घेऊ. लोण्यात थोडे पाणी असते, तुपात नसते. म्हणून तूप जरा कमी पुरते.

आधी गर करा

अर्धा किलो पिकलेले पेरू धुवा. किडका, नासका भाग काढून टाका. फोडी करून थोड्या पाण्यात मऊ शिजवा. गर चाळणीतून गाळा, म्हणजे बिया राहतील. दोन वाट्या गराला एक वाटी साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. मंद आंचेवर ढवळत आटवा. भांडे स्टीलचे घ्या. पितळेचे असेल तर कलई हवीच, नाहीतर आंबटाने कळकते.

गर आटला हे कसे ओळखाल? पळीने भांड्याच्या तळाशी रेघ ओढा. रेघ लगेच मिटली तर गरात पाणी आहे. रेघ राहिली तर गर झाला. तो पूर्ण थंड होऊ द्या. ऊन गर पिठावर घातला तर तूप वितळते.

मग पीठ

दोन वाट्या मैदा, एक वाटी कणीक, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी घट्ट तूप. सगळ्याला एकच वाटी घ्या. चिमूटभर मीठ आणि वेलची घाला. तूप पिठाला हाताने चोळा. मूठ दाबून पाहा. मुटका वळला की पुरे. वळत नसेल तर चमचाभर तूप घाला, पण पाणी घालू नका. फार मळूही नका.

भाजणे

जाड बुडाच्या गंजात दोन बोटे कोरडी वाळू घाला. वर लोखंडी अडणी ठेवा. झाकण लावून मंद विस्तवावर पंधरा मिनिटे तापवा. वीतभर रुंदीच्या, काठ असलेल्या ताटलीला तूप लावा. दोन भाग पीठ तीत सारखे दाबून बसवा. ताटली गंजात ठेवून पंधरा मिनिटे भाजा. मग जपून बाहेर काढा, गर पातळ पसरा, आणि उरलेले पीठ वरून चुरून टाका. पुन्हा झाकण ठेवा. झाकणावर थोडे निखारे ठेवले तर वरचा थर चांगला भाजतो. साधारण अर्ध्या तासाने कडा बदामी दिसतील. प्रत्येकाचा विस्तव निराळा, म्हणून घड्याळापेक्षा रंगावर नजर ठेवा.

गरम वडी मऊ लागते. "कच्ची राहिली," म्हणून पुन्हा भाजू नका. थंड झाली की ती आवळते. कोमट असतानाच सुरीने काप पाडा. पण गार झाल्याशिवाय उचलू नका.

एक गोष्ट फार महत्त्वाची. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधी पेटवू नका. तिच्यातून विषारी वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि माणूस झोपेतच दगावतो. दार-खिडकी उघडी ठेवा, किंवा अंगणात भाजा.

राखून ठेवणे

वड्या कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. गरम वड्या डब्यात भरल्या तर वाफ धरते आणि बुरशी येते. आत फळ आहे, म्हणून चार-पाच दिवसांत संपवा. डब्यावर चिठ्ठी लावून तारीख लिहा.

तुपाऐवजी वनस्पती घेणार असाल, तर पाकीट वाचून घ्या. त्यावर 'ट्रान्स फॅट' किती, ते छापलेले असते. ही चरबी हृदयाला वाईट. जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत ती शंभरात दोन भागांहून जास्त असू नये, असा नियम आहे.

पहिल्या खेपेलाच वहीत लिहून ठेवा : किती वाट्या पीठ, किती तूप, किती वेळ भाजले, वडी कशी झाली. पुढच्या खेपेला अंदाज करावा लागणार नाही. शेजारणीने विचारले, तर वही तिच्यापुढे ठेवता येईल.

विचार करा

१. पोळीच्या कणकेला पाणी लागते, वडीच्या पिठाला का नको?
२. गर आटला, हे कसे ओळखाल?
३. शेगडी बंद खोलीत का पेटवू नये?