आधी पाणी, मग जाळ

डिसेंबरातली पहाट. साडेपाच वाजायचे आहेत. नागपूरच्या वर्धा रोडवर कंपन्यांच्या बस सुरू झाल्या आहेत आणि खापरीच्या या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरामागून धूर निघतो आहे. मी उभा आहे ते घर दोन खोल्यांचं, वर टिन. मागे हातभर पडवी, तिच्यात एक न्हाणी आणि न्हाणीच्या तोंडाशी तांब्याचा बंब. बाहेरून काळा झालेला, पण तोटीपाशी घासून घासून लाल चमकणारा.

आजी सुनेच्या हातातली पेटती काडी थांबवतात. ‘‘आधी पानी, मंग जाळ.’’ बंबाच्या बाजूच्या तोंडातून त्या गुंडीभर पाणी ओततात, मग आणखी एक. माझ्याकडे वळून सांगतात, ‘‘कोरडा जाळला तं झाळ सुटते ना भाऊ. मंग बंब गेला कामातून.’’

बंबाच्या मधोमध उभं नळकांडं आहे, खाली जाळी. जळण वरून टाकायचं, राख जाळीतून खाली पडते, हवा खालून ओढली जाते. आग नळकांड्यात आणि पाणी तिच्या चारी बाजूंनी, म्हणून ताप वाया कमी जातो. तीन दगडांवर पातेलं ठेवलं की बहुतेक उष्णता बाजूनेच निघून जाते. वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीसवर न्यायला काटेकोर हिशेबाने पाव किलोहून कमी कोरडं लाकूड पुरावं. उघड्या चुलीत त्यासाठी किलो-सव्वा किलो सहज लागतं. ज्या कोणा तांबटाने हे नळकांडं पहिल्यांदा पाण्यातून उभं नेलं असेल, त्याची समज मोठी होती.

आधी पऱ्हाट्या जातात. हाताच्या लांबीचे तुकडे करून ठेवलेल्या. त्या भडकन् पेटतात आणि लगेच संपतात. त्यांच्या पाठोपाठ बाभळीचं फाटं. त्याचा निखारा टिकतो. पऱ्हाट्या आजींच्या भावाच्या शेतातल्या, बुटीबोरीकडच्या. पूर्वी घरच्याच असायच्या. कापूस वेचून झाला की उपटून ढीग रचायचा, तुरीच्या तुराट्या वेगळ्या, आणि वर्षाच्या जळणाची चिंता मिटायची. मिहान प्रकल्पासाठी खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव इथली शेतं गेली, त्यात यांचंही गेलं. शेताच्या मोबदल्याचा हिशेब एकरावर होतो. त्या एकरातून दर फाल्गुनात घरी येणारं जळण कोणत्या रकान्यात धरलं असेल, हा प्रश्न मला इथे, या पडवीत पहिल्यांदा नीट कळतो आहे.

नातू पोत्यातून फळ्या काढतो. बांधकामांच्या कडेला टाकलेल्या खोक्यांच्या. त्यातला एक प्लायचा तुकडा आजी काढून भिंतीशी टाकतात. ‘‘तो नोको, बाबू. त्याचा धूर डोळ्याले झोंबते.’’ त्यांचं बरोबर आहे. प्लायमधला डिंक आणि फळीवरचा रंग जळाला की निघणारा धूर बाभळीच्या धुरापेक्षा घातक. पण बाभूळ संपेल त्या दिवशी हा तुकडा भिंतीशीच राहील का, मला खात्री वाटत नाही.

स्वयंपाकाला गॅस आहे. सून आत चहा त्यावरच टाकते आहे. मग पाण्याला का नाही? ती दारातूनच उत्तर देते, ‘‘सयपाकाले पुरला तं खूप झालं.’’ मी मनात आकडे मांडतो. चार माणसं, वीस लिटरच्या चार बादल्या, नळाचं पाणी अठरा अंश, आंघोळीचं चाळीस. रोज गॅसवर तापवलं तर १४.२ किलोच्या सिलिंडरातला अर्ध्याहून अधिक गॅस महिन्याला नुसत्या आंघोळीवर जाईल. विजेचा रॉड खिळ्याला टांगलेला दिसतो. तो लावत नाहीत. टिनाचं घर, ओली फरशी, लहान पोरगं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो.

धुराशी झुंज या भागाला नवी नाही. इथून वर्धा तासा-दीड तासावर. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ साली स्थापन झाला, त्याचं काम तिथल्या मगनवाडीत चाललं, आणि धूर घराबाहेर काढणारी मगन चूलही तिथलीच. १ मे २०१६ ला स्वयंपाकाच्या गॅसची उज्ज्वला योजना आली. या सगळ्या धडपडीचं लक्ष स्वयंपाकावर राहिलं, आणि ते योग्यच होतं. बाई तिथे तासन् तास धुरात बसत होती. पण नागपूरच्या थंडीत आंघोळीचं पाणी ही चैन नाही. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांवर उतरला होता. घरात गॅस आला म्हणजे धूर गेला असं धरून चालणाऱ्यांनी पहाटे एकदा न्हाणीकडे यावं. धूर फक्त चार पावलं मागे सरकला आहे.

नळकांड्यातून आता ज्वाळा वर डोकावते. आजी पदर नाकाला लावून बाजूला होतात, खोकला येतोच. ‘‘ह्यावर टिनाचा पाइप बसवून द्या ना कोनी,’’ त्या म्हणतात. वरून जळण टाकायचं तोंड मोकळं ठेवून धूर वर नेणारा पाइप बसवायचा, म्हणजे बाजूला झाकणाची खिडकी हवी. चांगल्या कारागिराचं अर्ध्या दिवसाचं काम.

सून पहिली बादली घेते. सहाची शिफ्ट आहे. तोटीतून वाफाळतं पाणी पडतं, आणि जितकं निघतं तितकं गार पाणी आजी वरून भरत जातात, पातळी उतरू देत नाहीत. तोटीखाली थेंब गळतो आहे. सून बोट लावून पाहते.

‘‘रविवारी इतवारीत नेऊ याले,’’ ती सासूला म्हणते. ‘‘तोटी बदलून आनू, आतून कल्हई बी करून घेऊ.’’

‘‘आन पाइपाचं बी विचार,’’ आजी म्हणतात, आणि नातवाला हाक मारतात.