निम्मे घरी, निम्मे ऑफिसात: नकाशा कुठून सुरू करायचा?

सोलापूरहून अक्कलकोटकडे निघाले की वळसंगच्या अलीकडे कुंभारी लागते. तिथे विडी कामगार बायकांची 10 हजार घरांची वसाहत आहे, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची. 2006 मध्ये घरांचा ताबा मिळाला. हायब्रिड ऑफिस, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस येऊन काम करायची जागा, कशी आखतात हे समजून घ्यायला मला हिंजवडीच्या आयटी पार्कपेक्षा हा रस्ता बरा वाटतो. विडीच्या धंद्याने असले ऑफिस कधीच बांधून ठेवले आहे. त्याला ब्रँच म्हणतात.

ब्रँचमधून बाई तेंदूपाने, तंबाखू आणि दोरा घेते. घरी पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, विडी वळायची, बांधायची. तयार माल ब्रँचला आणला की चेकर तो पाहतो, खराब विड्या बाजूला काढतो, हजारावर हिशेब होतो आणि नवा माल मिळतो. आता त्या खोलीकडे बघा. बाईची अशी ठरलेली बसायची जागा तिथे नाही. माल वाटायची जागा आहे, काटा आहे, तपासणी आहे, वही आहे आणि पाळी येईपर्यंत टेकायला फरशी आहे. त्या फरशीवर तेलुगू, कन्नड, मराठी अशा सगळ्या बोलीत बातम्या फिरतात. घरी जे होत नाही तेवढेच तिथे होते.

हीच कसोटी कॉम्प्युटरवरच्या कामाला लावू. समजा, वळसंगात 40 माणसांचे ऑफिस काढायचे आहे आणि प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस यायचे आहे. तीन गुणिले 40 म्हणजे 120 हजेऱ्या. पाच दिवसांत वाटल्या तर रोज 24. म्हणून 24 खुर्च्या घेणारा पहिल्याच आठवड्यात फसतो. सोमवारी आणि शुक्रवारी घरी राहायला सगळ्यांनाच आवडते, त्यामुळे मंगळवार ते गुरुवार 40 जण दारात उभे! तेव्हा सरासरी धरायची नाही, सर्वांत गर्दीचा दिवस धरायचा. गटागटाला वार वाटून दिले आणि गर्दीच्या दिवसाचा आकडा 28 वर आला, तर 30 खुर्च्या पुरतात. मात्र जागा ठरलेली नसली तरी कुलपाचा कप्पा प्रत्येकाला हवा, म्हणजे कप्पे 40. डबा, हेडफोन, चार्जर रोज पिशवीतून वाहून आणायला लागले की माणूस यायचे टाळतो.

आकडे कायम टिकतात असेही नाही. टीसीएसने 2020 मध्ये जाहीर केले होते की 2025 पर्यंत एका वेळी फार तर 25 टक्के लोक ऑफिसात असतील. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच कंपनीने लोकांना पाचही दिवस बोलावले. म्हणून विटांच्या भिंती कमी घालाव्यात, सरकवता येणारी टेबले जास्त ठेवावीत.

खरी कसोटी बैठकीच्या खोलीची. अर्धी माणसे टेबलाशी, अर्धी पडद्यावर. लांबट टेबलाच्या टोकाला कॅमेरा लावला की पलीकडच्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसतो. टेबल अर्धगोल असावे, पडद्याकडे तोंड करून. माणसांच्या पाठीमागे खिडकी नको. आपल्याकडच्या उन्हात चेहरे काळे पडतात.

पण चित्रापेक्षा आवाज जास्त छळतो. मायक्रोफोनपासूनचे अंतर दुप्पट झाले की थेट पोचणाऱ्या आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे घरी बसलेल्याला विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येते. शहाबादी फरशी, गिलावा, काच आणि स्लॅब ही आपली नेहमीची बांधणी घुमाऱ्याला फारच पोषक. रिकाम्या खोलीत टाळी वाजवून पाहा. शेपूट ऐकू आले तर कापड हवे. इथे सोलापुरी चादर कामाला येते. ती भिंतीला ताणून चिकटवू नये. चुण्या घालून, भिंतीपासून चार बोटे सोडून टांगावी. कापड आणि मागची हवा मिळून आवाज शोषतात. चादर उंच पट्टीचा आवाज खाते, एसीची खालची घरघर नाही. आणि शेजारच्या खोलीतला आवाज तर ती अजिबात अडवत नाही. त्यासाठी जड भिंत लागते, दाराखालची फट बुजवावी लागते. फोनवर बोलायच्या एकट्याच्या खोल्यांत लोक नेमकी ही फट विसरतात.

वीज आणि इंटरनेट यांत विशेष काही नाही: इन्व्हर्टर, आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी.

राहिले घर. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात कारखान्यात माणशी किमान सव्वाचार घनमीटर जागा सांगितली होती, उंची मोजायची ती तीन मीटरपर्यंतच. म्हणजे जमिनीवर माणशी पंधराएक चौरस फूट. फार नाही, पण माप तरी होते. घरी विड्या वळणारी बाईसुद्धा या कायद्याने कामगारच. पण कारखान्याच्या जागेची जी व्याख्या केली तिच्यातून राहते घर वगळले होते. तंबाखूची धूळ घरात राहिली, हवा-उजेडाचे नियम ब्रँचच्या उंबऱ्याशी थांबले. आजच्या घरून कामातही खुर्ची, पंखा, वीज कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी तसाच लोंबकळतो आहे.

म्हणून ऑफिसचा नकाशा काढणाऱ्याला एक विनंती: खुर्च्या मोजण्याआधी काम करणाऱ्यांच्या चार घरांत जाऊन बसा. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता.